आठवी-नववीचा प्रवेश नाकारला, तर दाद कुठे मागायची?

निकाल लागले की विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांची पत्रं वाढतात. पहिलीचा प्रवेश कसाबसा झालेला असतो. प्राथमिक शाळा संपते आणि हायस्कूलच्या दारात पुन्हा तीच अडवणूक सुरू होते. या अंकात त्यातल्या चार पत्रांना उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेतून सातवी पास झाला. ती शाळा सातवीपर्यंतच आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर घेऊन चालतो, अभ्यासात बरा आहे. घराजवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये गेलो, तर आधी ‘जागा नाही’ म्हणाले. मग म्हणाले, ‘आठवी दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पडला तर जबाबदारी कोणाची?’ अर्ज घेतलाच नाही. काय करावं?
— एक आई, भांडुप

उत्तर : तुमचं काम अर्ज न घेण्यापाशीच अडलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. तोंडी नकारावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. कागदावर पाहिलं तर तुम्ही त्या शाळेत गेलाच नाहीत, आणि चौकशी झाली की शाळा नेमकं तेच सांगते : ‘अशा पालकांचा अर्ज आमच्याकडे आलेला नाही.’

साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा आणि दोन प्रती घेऊन जा. एक शाळेला द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. क्लार्क नाही म्हणाला तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा आणि पोचल्यावर ट्रॅकिंगच्या पानाची प्रिंट काढा. तीही पोचच आहे.

अर्जात मुलाच्या आजाराचा इतिहास लिहू नका. अनेक पालक दोन पानं भरून प्रसूतीपासूनची हकिगत लिहितात आणि मुलाला शाळेत नेमकं काय लागेल, तेवढंच राहून जातं. तुमच्या मुलासाठी मजकूर साधारण असा होईल :

‘माझा मुलगा इयत्ता सातवी उत्तीर्ण असून त्याची शाळा सातवीपर्यंतच आहे. त्यास इयत्ता आठवीत प्रवेश मिळावा. तो वॉकरच्या साहाय्याने स्वतंत्रपणे चालतो. त्याची तुकडी तळमजल्यावर बसवावी, दाराजवळचा बाक मिळावा, तळमजल्यावरील एका स्वच्छतागृहात आधाराचा दांडा बसवावा व लेखी परीक्षेत जादा वेळ मिळावा. प्रवेश देणे शक्य नसल्यास त्याची कारणे सात दिवसांत लेखी कळवावीत.’

शेवटचं वाक्य विसरू नका. लेखी कारण मिळालं तर त्याचा प्रतिवाद करता येतो. नाही मिळालं तर उत्तर न देणं हाच तक्रारीचा मुद्दा होतो.

कायदा दोन बाजूंनी तुमच्याकडे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार, ज्या शाळेत आठवीपर्यंतची सोय नाही तिथल्या मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. हा हक्क सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांबाबत आहे, विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आहेत. तुमची शाळा अनुदानित आहे, म्हणून हे कलम अर्जात जरूर लिहा. दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही याच कलमात आहे. सत्र सुरू झालं म्हणून नकार देता येत नाही, ते कलम १५ मध्ये. दुसरी बाजू दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ची. त्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, इमारत वापरण्याजोगी करायची आहे आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवायच्या आहेत.

आता शाळेची कारणं पाहू. ‘जागा नाही’ हे कारण मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेकडून आलं, तर ते तपासायलाच हवं. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या प्रक्रियेत) शिक्षकाचं पद जातं, म्हणून मुंबईतल्या अशा बऱ्याच शाळा स्वतःच मुलं शोधत असतात. आठवीच्या प्रत्येक तुकडीचा आजचा पट लेखी मागा. तुमच्यानंतर कोणाला प्रवेश दिला असेल तर हे कारण टिकत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या अडचणीवर लिफ्ट हा एकच उपाय नाही. आठवीची एक तुकडी खाली आणि खालची एखादी तुकडी वर, एवढी अदलाबदल शाळेला फार तर एका दिवसाचं काम आहे. प्रयोगशाळा किंवा संगणक कक्ष वर असेल तर त्या तासांपुरता वेगळा विचार करावा लागेल. पण तेवढ्यासाठी अख्खा प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशद्वाराला पायऱ्या असतील तर रॅम्प मागा, आणि मागताना माप सांगा. प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. बऱ्याच ठिकाणी मीटरभराची फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणतात. त्यावरून वॉकर नेणारं मूल घसरून पडतं, आणि मग तेच पडणं ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणून वापरलं जातं.

जबाबदारीचा प्रश्न शाळेतल्या प्रत्येक मुलाबाबत असतोच. मूल पडेल या भीतीवर प्रवेश नाकारणं हा भेदभाव आहे, आणि तसं शांतपणे लिहून द्या.

सात दिवस गेले की तक्रार शिक्षण निरीक्षकांकडे. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी तीन कार्यालयं आहेत. नावावरून गोंधळ होतो, म्हणून सांगतो : भांडुपसह कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची पूर्व उपनगरं ‘उत्तर’ विभागात येतात, आणि वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची ‘पश्चिम’मध्ये. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलांवरून फिरत राहतो आणि जून निघून जातो. आठवी ही शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेत येते. त्या कायद्याखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते, म्हणून हीच तक्रार महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडेही द्या. दोन्हीकडे वेगवेगळा आवक क्रमांक घ्या. सोबत पहिल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, सातवीचं प्रगतिपत्रक, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आणि पत्त्याचा पुरावा जोडा. मूळ कागद कुठेही देऊ नका.

आणखी एक गोष्ट मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क नियम २०१७ मध्ये जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी आणि सोयींसाठी एक समन्वय अधिकारी असावा असं म्हटलं आहे. ‘माझी तक्रार त्या अधिकाऱ्यांकडे सोपवावी’ हे वाक्य अर्जात घाला. त्यामुळे तक्रारीला एक ठरावीक टेबल मिळतं.

प्रश्न : मुलगी ऑटिस्टिक आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत केजीपासून आहे. आता आठवी संपताना शाळा म्हणते, ‘नववी-दहावी तिला झेपणार नाही, दाखला घ्या आणि एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला) बसवा.’ ठेवायचंच असेल तर शॅडो टीचर (वर्गात मुलीसोबत बसणारी मदतनीस) आमच्या खर्चाने आणायची आणि एका हमीपत्रावर सही करायची. सही करावी का?
— एक वडील, दहिसर

उत्तर : आहे त्या मजकुरावर सही करू नका. अशा हमीपत्रात बहुधा तीन वाक्यं असतात : मुलीला काही झाल्यास शाळा जबाबदार नाही, वर्गाला त्रास झाल्यास पालक तिला काढून घेतील, आणि मदतनीसाचा सगळा खर्च पालकांचा. दुसरं वाक्य सगळ्यात घातक. त्यावर सही झाली की उद्या शाळा तिला ‘काढत’ नाही, तुम्हीच कबूल केल्याप्रमाणे ‘काढून घेता’. त्याऐवजी स्वतःचं पत्र द्या : मुलीची औषधं, तिला कशाचा त्रास होतो (घंटेचा आवाज, गर्दी, अचानक बदललेला तास), अस्वस्थ झाली तर काय करायचं आणि कोणाला फोन करायचा. हे शाळेच्या खरोखर उपयोगाचं आहे आणि तुमचा कुठलाही हक्क त्यात जात नाही.

दाखल्यासाठीचा अर्जही लिहून देऊ नका. ‘औपचारिकता आहे’ असं सांगून तो मागितला जातो. पालकांच्या अर्जावरून दाखला निघाला की नकार दिला होता हे सिद्ध करणं फार कठीण होतं. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, ते शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. नववीत त्या कायद्याचं छत्र संपतं, आणि शाळा नेमकी हीच वेळ साधतात. पण दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ आठवीला थांबत नाही. कलमाचा आकडा दोन्हीकडे एकच आहे, म्हणून पत्रात कायद्याचं नाव आणि वर्ष पूर्ण लिहा.

एनआयओएस वाईट नाही. विषय निवडायची मोकळीक आहे आणि परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. काही मुलांना ते खरोखर मानवतं. पण त्यात रोजची शाळा नाही, वर्ग नाही, मैत्रिणी नाहीत. हा निर्णय तुमचा आणि मुलीचा आहे, शाळेची सोय म्हणून तो घ्यायचा नाही.

शॅडो टीचरबद्दल : २०१७ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की वाजवी सोयींचा खर्च, पूर्ण किंवा थोडासाही, दिव्यांग व्यक्तीवर लादता येणार नाही. हे वाक्य उद्धृत करून शाळेला लेखी विचारा की मुलीला नेमकी कोणत्या तासांना आणि कशासाठी मदत लागते असं तुमचं निरीक्षण आहे. उत्तर लिहायला बसल्यावर बऱ्याचदा कळतं की पूर्ण दिवस कोणी सोबत बसायची गरजच नाही. गणिताचा तास, मधली सुट्टी आणि परीक्षा, एवढंच उरतं. शाळेत विशेष शिक्षक आहे का, हेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी दिव्यांग विद्यार्थी आणि विशेष शिक्षक यांचं प्रमाण प्राथमिकला १०:१ आणि त्यापुढे १५:१ ठेवायला सांगितलं आहे.

शाळा ऐकत नसेल तर तुमचं कार्यालय शिक्षण निरीक्षक, पश्चिम विभाग. शाळा राज्य मंडळाची नसेल तर तक्रारीची एक प्रत त्या मंडळालाही पाठवा. वेळ दवडू नका. दहावीचे अर्ज आणि नोंदणी नववीपासूनच्या कागदांवर उभी असते, नववी अर्धी गेल्यावर शाळा बदलणं सगळ्यांनाच जड जातं.

प्रश्न : मुलाला वाचायला-लिहायला त्रास होतो, बोलताना सगळं येतं. खासगी मानसोपचारतज्ज्ञांनी डिस्लेक्सिया सांगितला आहे. नवीन शाळा म्हणते, ‘सरकारी सर्टिफिकेट आणा, मग प्रवेशाचं बघू.’ शिवाय त्याची लेखी चाचणी घेऊन तो नापास झाल्याचं सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक आई, लालबाग

उत्तर : नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंडाळल्या आहेत, त्या सुट्या करा.

प्रवेशासाठी प्रमाणपत्राची अट नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं ते दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ३१ साठी, म्हणजे ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्यासाठी. भेदभाव न करण्याचं कलम १६ टक्केवारीवर अवलंबून नाही.

चाचणीचं म्हणाल तर आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची छाननी करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. चाचणीचा पेपर, तारीख कळवणारा मेसेज, निकालाची चिठ्ठी, जे हाती असेल ते जपा. तुमचा मुलगा नववीत जात असेल तर मात्र हे कलम लागू होत नाही. तिथे मुद्दा असा मांडावा लागतो : वाचनातच अडचण असलेल्या मुलाची जादा वेळ किंवा वाचक न देता लेखी चाचणी घेणं, हाच भेदभाव आहे.

प्रमाणपत्र काढाच, पण त्याचं कारण वेगळं आहे. दहावीच्या परीक्षेतल्या सवलती खासगी अहवालावर मिळत नाहीत, त्यासाठी शासनाने नेमलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. लालबागहून केईएम, नायर, सायन तिन्ही हाताशी आहेत. हे एका दिवसाचं काम नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण दिसण्या-ऐकण्याची अडचण नाही हे ठरवायचं असतं. मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी, आणि शेवटी डॉक्टरांचं मत. तारखा लांबच्या मिळतात. म्हणून नववीच्या सुरुवातीलाच नाव नोंदवा, दहावीच्या दिवाळीत धावपळ करून हाती काही लागत नाही. सोबत मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रकं, शाळेचं पत्र आणि मुलाच्या वह्या न्या. वह्या निवडताना सुवाच्य, घरी बसून पुन्हा लिहून काढलेल्या टाळा. वर्गात घाईत लिहिलेलं पान, त्यातली उलटलेली अक्षरं, गळलेल्या वेलांट्या, अर्धवट सोडलेलं शुद्धलेखन, हेच तपासणाऱ्याला पाहायचं असतं. खासगी अहवालही न्या. पूरक माहिती म्हणून तो उपयोगी पडतो.

सवलतींमध्ये तासाला २० मिनिटं जादा वेळ आहे. म्हणजे तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या गणिताला ४० मिनिटं. गरजेनुसार लेखनिकही मिळतो. त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाच्या विभागीय कार्यालयात, मुंबईसाठी वाशीला जातो. तो गेला की नाही, हे जावक क्रमांक घेऊन तपासा. कित्येकदा प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहतं आणि हॉलतिकीट आल्यावर कळतं. भाषेतून सूट घेण्याआधी थोडं थांबा. सूट मिळते म्हणून घ्यायचीच असं नाही, पुढे मुलाला काय शिकायचं आहे ते आधी त्याच्याशी बोला. आणि जादा वेळ, लेखनिक या सोयी शाळेच्या घटक चाचण्यांपासूनच मागा. लेखनिकाला उत्तर सांगून लिहून घेणं हे सवयीने येतं. थेट मार्चमध्ये पहिल्यांदा करायला गेलेली मुलं निम्मा पेपर सोडून येतात.

प्रश्न : मुलाच्या नववीच्या प्रवेशासाठी शिक्षण निरीक्षकांकडे तक्रार देऊन दोन महिने झाले. फेऱ्या मारल्या की ‘साहेब मीटिंगला गेलेत’. मूल घरी आहे. आता कोणाकडे जायचं? आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळेल का?
— एक पालक, कुर्ला

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. २५ टक्क्यांचे प्रवेश पहिली किंवा पूर्व-प्राथमिक या प्रवेशस्तरावरच होतात. नववीसाठी तो मार्ग नाही, त्यात वेळ घालवू नका.

मुलाला घरी बसवू नका. जवळच्या पालिकेच्या माध्यमिक शाळेत किंवा जी घेईल त्या शाळेत तात्पुरता प्रवेश घ्या आणि मूळ तक्रार चालू ठेवा. तसं एका ओळीत निरीक्षकांना कळवा : ‘शैक्षणिक नुकसान टाळण्यासाठी हा प्रवेश घेतला असून माझी तक्रार कायम आहे.’ हजेरीत पडलेला खंड तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

फेऱ्या बंद करा, कागद पाठवा. माहितीच्या अधिकारात त्याच कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागायचं एवढंच : ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, आणि अर्ज सध्या कोणाकडे प्रलंबित आहे त्यांचं पदनाम.’ उत्तराची मुदत ३० दिवस. ‘प्रवेश का दिला नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला जनमाहिती अधिकारी बांधील नसतो आणि अर्ज निकालात निघतो. प्रत मागितली की फाइल शोधावी लागते, आणि बरीच प्रकरणं तेवढ्यानेच हलतात.

त्याच वेळी चर्नी रोडच्या जवाहर बालभवनात विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे अर्ज द्या. निरीक्षक त्यांच्या हाताखाली येतात. तिथून पुढे दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक, पुण्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यावं लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा भंग सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो न्यायालयात होतो, आयुक्तांच्या टेबलावर नाही. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाची. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी स्थानिक प्राधिकरणाच्या निर्णयावरचं अपील तिथेच जातं. नववीच्या मुलासाठी आयुक्तांची वाट अधिक सरळ, असं माझं मत आहे.

सुनावणीला जाताना एका पानावर तारखांची यादी न्या : अर्ज कधी, पोच कुठे, शाळा काय म्हणाली. बोलायला पाच-दहा मिनिटंच मिळतात. शाळेने काय अपमान केला ते त्या वेळात सांगू नका, मुलाला कोणत्या चार सोयी हव्यात आणि त्यातल्या किती बिनखर्चाच्या आहेत ते सांगा. मुलाला दाखवण्यासाठी सोबत नेऊ नका. अनोळखी लोकांसमोर त्याला उभं करून चालायला लावण्याची काहीच गरज नाही, प्रमाणपत्र पुरेसं आहे. त्याला स्वतःला काही सांगायचं असेल तर गोष्ट वेगळी.

उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर एवढं माहीत असू द्या : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार बालकं, स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळतं. अर्ज मुलाच्या नावे, पालक म्हणून तुमच्या सहीने, मुंबई उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे करा. शिक्क्यांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावून सोबत न्या. वकील सगळ्यात आधी त्याच मागतात.